कंपनीचा मेल बदलताय: सगळे एका रात्रीत की तुकड्यातुकड्यांनी?

शंभर-सव्वाशे मेलबॉक्सची कंपनी. जुन्या होस्टिंगवरचा पॉप मेल (ज्यात मेल प्रत्येकाच्या मशीनवर उतरवला जातो) सोडून गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर जायचं ठरलंय. आता सगळ्यांना शनिवारी रात्री एकदम हलवायचं, की एकेक खातं घेत तीन आठवडे लावायचे? मी दोन कंपन्यांत हे काम केलंय आणि माझं मत पक्कं आहे: मेल एका रात्रीत हलवा, माणसांची तयारी मात्र तुकड्यातुकड्यांनी करा.

एका रात्रीचं काम तसं सरळ आहे. कंपनीचा मेल कुठल्या सर्व्हरवर जायचा हे सांगणारी नोंद म्हणजे एमएक्स रेकॉर्ड, आणि ती नोंद इतर सर्व्हरनी किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ म्हणजे टीटीएल. एक-दोन दिवस आधी टीटीएल ३०० सेकंदांवर आणायचा, शनिवारी रात्री एमएक्स रेकॉर्ड बदलायचा, सोमवारी सगळे नव्या जागी. सूचना एकच, कॅलेंडर एकच. त्रास असा, की सव्वाशे जणांच्या अडचणी सोमवारी साडेनऊला एकदमच उभ्या राहतात. एक्स्चेंज या आपल्याच मेल सर्व्हरवरून असं एकदम हलवायला मायक्रोसॉफ्ट २,००० मेलबॉक्सपर्यंत परवानगी देतं, पण सल्ला १५० पर्यंतचाच देतं.

तुकड्यांनी गेलात तर पहिल्या तुकडीच्या चुका दुसरीला भोवत नाहीत. पण तीन आठवडे दोन घरं सांभाळावी लागतात. मेल दोन्हीकडे वळवायचा, परचेसला नव्या कॅलेंडरवर प्रॉडक्शनची मीटिंग दिसत नाही, आणि ‘माझं कधी?’ हा प्रश्न रोज. शाखा चार गावांत असतील किंवा आयटीत एकच माणूस असेल, तर मात्र हाच मार्ग घ्या. डिस्पॅचला शेवटी ठेवा.

आता तयारीबद्दल, कारण खरं नुकसान तिथे होतं.

पहिल्या कंपनीत आम्ही सगळ्यांना हॉलमध्ये बसवून प्रोजेक्टरवर तासभर दाखवलं. ‘काही शंका?’ विचारलं, कुणी हात वर केला नाही. सोमवारी अकाउंट्समधल्या ताईंनी बोलावलं. पार्टीच्या नावाचे फोल्डर, त्यात वर्षावर्षाचे फोल्डर, अशी अकरा वर्षांची मांडणी त्यांनी केलेली होती, आणि नव्या मेलबॉक्समध्ये त्यातलं काहीच नव्हतं. पॉपने मेल त्यांच्या मशीनवर उतरवून सर्व्हरवरून काढून टाकले होते. सगळं डी ड्राइव्हवरच्या एका पीएसटी फाइलमध्ये (आउटलूक मशीनवर मेल साठवतं ती फाइल) होतं आणि आम्ही फक्त सर्व्हरवरचं हलवलं होतं. फाइल शाबूत होती म्हणून निभावलं. पण त्या सकाळचा त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. पंधरा मिनिटं त्यांच्या शेजारी बसलो असतो, तर हे आधीच दिसलं असतं.

दुसऱ्या कंपनीत आम्ही टेबलाटेबलावर गेलो. १२० जणांना प्रत्येकी १५ मिनिटं म्हणजे ३० तास. दोघांनी रोज पाच तास दिले आणि तीन दिवसांत झालं. प्रत्येकाकडे पीएसटी, मेलखालची सही, मेल आपोआप फोल्डरमध्ये टाकणारे नियम आणि फोन बघितला. ‘रा’ टाइप केल्यावर आपोआप येणारे पत्तेही बघितले, कारण नव्या प्रोफाइलमध्ये ती यादी कोरी असते. लोकांना पत्ता पाठ नसतो, पहिलं अक्षर पाठ असतं. त्याच बैठकीत फोनवरचं दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशनही उरकलं. स्वतःचा फोन यासाठी द्यायला काही सुपरवायझर तयार नव्हते, त्यांना सिक्युरिटी की (फोनऐवजी ओळख पटवणारं छोटं उपकरण) दिल्या. हे आधी कळलं म्हणूनच जमलं.

दोन प्लॅटफॉर्मसाठी लागणारी मेहनतही सारखी नाही. आउटलूक वापरणाऱ्यांना ३६५ वर खिडकी तीच राहते, शिकवायला थोडंच लागतं. जीमेलमध्ये फोल्डरच्या जागी लेबल येतात आणि एका विषयाचे सगळे मेल एकाखाली एक गोळा होतात. जुनी उत्तरं गायब झाली असं वाटून लोक घाबरतात. कॉन्व्हर्सेशन व्ह्यू बंद करता येतो, हे आधीच दाखवा. गूगलवर जात असाल तर प्रत्येकी १५ मिनिटांऐवजी २५ धरा.

स्कॅन करून मेल पाठवणारी मशीन विसरू नका. तिच्यात जुना पासवर्ड साठवलेला असतो आणि नुसत्या पासवर्डवर चालणारं लॉगिन दोन्हीकडे बंद होत आलंय.

तारीख अकाउंट्सला विचारूनच ठरवा. ७ ला टीडीएस, ११ आणि २० ला जीएसटी, म्हणून २० नंतरचा पहिला शनिवार बरा. मार्च टाळाच.

एक सूचना छापून प्रत्येक टेबलावर ठेवा: ‘मेलबॉक्स अपग्रेड’ म्हणून पासवर्ड मागणारी कुठलीही लिंक आमची नाही. बदलाच्या दिवसांत फसवणूक करणारे हीच भाषा वापरतात, आणि लोक नेमके त्याच दिवसांत अशा मेलची वाट बघत असतात. खाली आयटीचा एक्स्टेंशन नंबर लिहा, आणि सोमवारी तो फोन उचलायला कोण बसणार ते शुक्रवारीच ठरवा.