अंगणातल्या लाकडी खांबांवर केलेले उपाय: एक पावसाळा गेल्यानंतरचा अनुभव

आमचं घर गोव्यात डिचोलीच्या बाजूला, पुढे अंगणात लाकडी खांबांचा मांडव आहे, त्यावर जाई आणि मिरीचा वेल सोडलाय. गेल्या उन्हाळ्यात एका खांबाच्या बुडाशी स्क्रू ड्रायव्हर टोचून बघितला तर लोण्यात गेल्यासारखा आत गेला. वरून खांब एकदम ठणठणीत, रंगसुद्धा बरा होता! मग सगळ्याच खांबांचं काम काढलं, आणि मुद्दाम सगळ्यांना एकच उपाय केला नाही, कारण दुकानदार एक सांगतो, मेस्त (सुतार-गवंडी काम करणारा मिस्त्री) दुसरं सांगतो आणि शेजारचे काका तिसरंच. आता पाऊस संपून बरेच महिने झालेत, म्हणून लिहितोय.

आधी भेगांबद्दल, कारण लोक घाबरतात त्यांनाच. लाकूड वाळताना गोलाईच्या दिशेने जेवढं आक्रसतं ते गाभ्याकडून सालीकडे आक्रसण्याच्या साधारण दुप्पट असतं, त्यामुळे ज्या खांबाच्या मधोमध झाडाचा गाभा आहे तो चिरणारच, साग असो की फणस. बहुतेक उभ्या भेगांनी खांबाच्या ताकदीला फारसं काही होत नाही. मी दोन खांबांच्या भेगांत इपॉक्सी पुट्टी भरून घेतली होती, दिसायला मस्त, पण लाकूड पावसाळ्यात फुगतं नि मार्चमध्ये परत आकसतं, पुट्टी काही हलत नाही. आता पुट्टीच्या कडेने केसाएवढी फट पडलीय, आणि त्या फटीतून आत गेलेलं पाणी सुकत नाही. पुट्टी न भरलेल्या भेगा मात्र जुलैत जवळजवळ मिटल्या होत्या आणि आता परत उघड्या पडून कोरड्या झाल्यात. पुट्टीचे पैसे वाया, परत नाही भरणार. फक्त वर तोंड करून असलेली भेग असेल, म्हणजे आडव्या वाशावर वगैरे, तर तिथे पाणी साठतं, तेवढी बुजवा किंवा वरून पत्रा मारा.

खरी लढाई खाली आहे, जमिनीला टेकतो त्या टीचभर भागात. कुजवणाऱ्या बुरशीला ओल पण लागते आणि हवा पण. खोल मातीत हवा कमी, वर उन्हावाऱ्यात ओल टिकत नाही, आणि जमिनीच्या तोंडाशी दोन्ही मिळतं. (पूर्वी ओंडके ओहोळात बुडवून ठेवायचे ते उगाच नाही.) लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी धरत नाही म्हणतात, मी एक साधं सुया टोचायचं मीटर घेतलं, तर जुलैत पडवीतला छपराखालचा खांबसुद्धा 17-18 दाखवत होता, म्हणजे गोव्यात आपण मुळातच काठावर आहोत. त्यात खांब काँक्रीटमध्ये गाडला की संपलंच, लाकूड आक्रसून भोवती फट पडते आणि त्या वाटीत पाणी बसतं, खाली जायला वाट नाही.

म्हणून सगळ्यात उपयोगी पडलं ते म्हणजे लोखंडी शू, म्हणजे खांबाचं बूड ज्यात बसतं ती लोखंडी बैठक. खांबांचं कुजकं बूड कापून काढलं, खाली चिऱ्याचा छोटा कट्टा बांधून वर काँक्रीट टाकलं आणि त्यात हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले) शू बसवले, खांब जमिनीपासून चांगला वर उचललेला, खाली हवा खेळते. ऐन पावसातसुद्धा धो धो थांबला की बूड एक-दोन दिवसांत सुकलेलं दिसायचं. नुसतं रंगवलेलं लोखंड घेऊ नका, समुद्राजवळ राहत असाल तर अजिबातच नको. मेस्त आधी कुरकुरला, डांबर फासून गाडू म्हणाला, डांबराने थोडं लांबतं एवढंच.

कापलेली टोकं बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या गरम पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली होती. हे मीठ ओल्या लाकडात आतपर्यंत झिरपतं, वाळवी आणि बुरशी दोघांनाही चालत नाही, पण पावसाने धुऊन जातं, त्यामुळे नीट सुकल्यावर वरून तेल लागतंच. टोकाच्या कापातून पाणी बाजूच्या मानाने कितीतरी पट वेगाने आत शिरतं, म्हणून तिथे तेल पिईल तेवढं पाजलं. वरच्या टोकांना उतार दिला आणि जुन्या ॲल्युमिनियम पत्र्याच्या टोप्या घातल्या.

आता तेल की वॉर्निश. एका खांबाला दुकानदाराच्या आग्रहाखातर बाहेरचं म्हणून विकतात ते चकचकीत वॉर्निश मारलं. चवथीपर्यंत पश्चिमेच्या बाजूला पापुद्रे, त्यांच्याखाली काळे डाग, आणि आता परत करायचं तर सगळं घासून काढा. बाकीच्यांना आत मुरणारं लाकडाचं तेल, तीन हात. रंग पश्चिमेला राखाडी झालाय, पाण्याचे थेंब आता पूर्वीसारखे ओघळत नाहीत, सप्टेंबरात बारीक काळी बुरशी पण आली होती पण ती साबणाच्या पाण्याने ब्रश मारल्यावर गेली. दरवर्षी एक हात मारावा लागणार हे नक्की, पण घासायची कटकट नाही. काकांच्या सांगण्यावरून एका खांबाला अळशीचं तेल लावलं, तो सगळ्यात काळा पडलाय, बुरशीला ते तेल खाऊच वाटतं बहुतेक. आणि हो, अशा तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात, उघड्यावर पसरून वाळवा.

काही जण म्हणतील तयार ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून आत रसायन मुरवलेलं लाकूडच घ्यायचं. बरोबर आहे, तांबं-क्रोम-आर्सेनिकचं ते मिश्रण तर आपल्याच देहरादूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सोंटी कामेसन यांनी 1933 मध्ये काढलंय. पण ते बंद टाकीत दाबाने आत घालतात, घरी ब्रशने लावून ती खोली येत नाही. शिवाय आर्सेनिक असल्यामुळे असं लाकूड चुलीत घालायचं नाही, आणि आमच्याकडे उरलेलं लाकूड न्हाणीघरात पाणी तापवायलाच जातं.

तेल एप्रिलमध्ये लावा, लाकूड बऱ्यापैकी कोरडं असतं तेव्हा, मे अखेरच्या वळवाची वाट बघू नका. आमचा गेटजवळचा एक खांब अजून मातीतच गाडलेला आहे, त्याची स्क्रू ड्रायव्हर परीक्षा परवा घेतली, नापास. तिथे आता लाकूड नाही, सरळ चिऱ्याचा खांब बांधणार.