डोळे मिटलेले फोटो टाकून देऊ नका (फोटोबुक सेवा, ५ पैकी ४ तारे)

माझा धाकटा भाऊ २६ व्या वर्षी गेला. त्याच्या फोटोंचं पुस्तक मी या सेवेकडून छापून घेतलं. आकार ८ इंच बाय ८ इंच, ६० पानं, जाड पुठ्ठ्याची बांधणी, मॅट कागद. छपाई चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. एक तारा का कापला ते पुढे येईलच. पण माझ्यासारख्याच कारणासाठी कुणी हे पुस्तक करायला बसलं असेल, तर आधी एवढं ऐका: 'आपोआप निवडा' हे बटण दाबू नका.

मी दाबलं होतं. फोटो जमले होते १,१४० आणि एकेक उघडून बघायचं बळ तेव्हा अंगात नव्हतं. दोन मिनिटांत पुस्तक तयार झालं. पानं नीटनेटकी, उजेड छान, आणि प्रत्येक पानावर एक शहाणासुरता मुलगा, डोळे उघडे, ओठ मिटलेले. आईने चष्मा लावून चार पानं पाहिली आणि म्हणाली, "हा कोण गं? पासपोर्टातला दिसतोय."

मग उजेड पडला. तो हसायला लागला की त्याचे डोळे पूर्ण मिटायचे. गाल वर चढायचे, डोळ्यांच्या जागी दोन रेघा उरायच्या आणि काही दिसत नाही म्हणून तो शेजारच्याचा दंड धरून ठेवायचा. त्यात हसणंही मूठभर नव्हतं त्याचं. दाराबाहेरून कळायचं की साहेब आलेत. सॉफ्टवेअरच्या लेखी डोळे मिटलेला फोटो म्हणजे फसलेला फोटो, आणि हललेला असेल तर दुप्पट फसलेला. त्यामुळे त्याचं हसू तेवढं नेमकं वेचून बाहेर काढलं गेलं होतं. मी सगळं पुसलं आणि नाकारलेल्या ढिगातून पुन्हा सुरुवात केली. आता पुस्तकातल्या निम्म्याहून जास्त फोटोंवर डोळे मिटलेलेच आहेत. असंच एक दुसरं बटण आहे, 'चेहरा उजळा'. त्याने डाव्या भुवईवरची खूण घालवली. ती खूण माझ्यामुळे झालेली, झोका मी जोरात ढकलला होता. तेही बंद केलं.

क्रमाचीही गंमत झाली. पुस्तक तारखेनुसार लावता येतं, आणि मला तेच हवं होतं, पाळण्यापासून पुढे. पण त्याच्या मित्रांनी फोटो पाठवले व्हॉट्सॲपवर. तिथून साध्या पद्धतीने आलेल्या फोटोतली मूळ तारखेची माहिती निघून जाते आणि फाइलवर आपल्याकडे पोचल्याची तारीख बसते. परिणाम असा, की तो गेल्यानंतरचे सहा आठवडे पुस्तकात भरगच्च: कॉलेजची सहल, कुणाच्या तरी गच्चीवर गिटार, शाळेच्या पहिल्या दिवशी उलटी घातलेली टोपी. शेवटच्या पानावर तो सहा वर्षांचा. मी ते पान तसंच उघडं ठेवून बराच वेळ बसले होते. नंतर हाताने क्रम लावला, तीन रविवार गेले. तुम्ही फोटो मागवाल तेव्हा लोकांना सांगा की 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल आहे तशी येते. गोड बोलून दोनदा सांगावं लागतं.

त्याच कारणाने फोटो लहानही होतात. छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल धरले तर ८ इंचांचं पूर्ण पान भरायला २,४०० बाय २,४०० लागतात. आमच्याकडे आलेल्या बऱ्याच फोटोंची लांब बाजू १,६०० निघाली, म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच. त्याहून मोठा केला की कोपऱ्यात पिवळा त्रिकोण येतो, 'दर्जा कमी आहे'. बहुतेक वेळा मी त्रिकोणाचं ऐकलं आणि फोटो लहान ठेवला. एकदाच ऐकलं नाही. तो सायकलच्या चाकाची आरी सरळ करतोय, हात ग्रीसने काळे, मान वर करून कुणाला तरी म्हणतोय "थांब रे". फोटो फुटलाय, तरी पूर्ण पानावर आहे.

खरी अडचण वेगळीच होती. घरात कॅमेरा कायम त्याच्या हातात असायचा, त्यामुळे त्याच्याकडच्या फोटोंत आम्ही सगळे आहोत आणि तो नाही. आहे तो एवढाच: कोपऱ्यात आलेला अंगठा, जमिनीवर लांब पडलेली सावली, आरशात दिसणारं कोपर. असे अकरा फोटो सापडले. त्यांचं मी एक दोन-पानी केलं. मदत केंद्रावरच्या मुलाला वाटलं चुकून आलेत, त्याने विचारलं काढून टाकू का.

त्या मुलाबद्दल लिहायलाच हवं. पहिल्या फोनला तो म्हणाला, "मॅडम, वाढदिवसाचं पुस्तक आहे ना?" मीच घाईत ती फुगेवाली मांडणी निवडली होती. काय आहे ते सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "फाइल माझ्याकडेच पाठवा, मी स्वतः बघतो." सांत्वनाचं एक वाक्य नाही. मला ते फार बरं वाटलं, कारण त्या वर्षात मी सांत्वनाची वाक्यं भरपूर ऐकली होती. त्यानेच दोन चुका पकडल्या. एक, ओळींमधला रफार पुढच्या अक्षरावर सरकत होता, 'वर्ग'चं काहीतरी भलतंच होत होतं. त्याने युनिकोड फाँट लावून दिला आणि छापण्याआधी पीडीएफ पुन्हा वाचायला लावली. दुसरी मोठी. साध्या बांधणीत मधल्या शिवणीत पानाचा काही भाग जातो. आमचा सहा मित्रांचा फोटो दोन पानांवर पसरला होता आणि मधोमध उभा होता तो. ज्याच्यासाठी पुस्तक, तोच शिवणीत गेला असता. त्याने सपाट उघडणारी बांधणी सुचवली. ती घ्याच, वेळ थोडा जास्त लागतो.

वहीचं पानही आहे पुस्तकात. सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयला (म्हणजे इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन केलं, मोबाइलने काढू नका, पानावर आपलीच सावली पडते. त्या पानावर कुणाला काय उसनं दिलंय त्याची यादी आहे: पाना, हेल्मेट, दोन पुस्तकं, गिटारची तार, पुन्हा हेल्मेट. काही नावांपुढे त्याने लिहिलंय, "मागायचं नाही". नावं मी झाकली. ज्याच्याकडे हेल्मेट होतं तो ते घेऊन आला होता, दारात उभा राहिला, आत काही आला नाही. आम्ही ते परत त्यालाच दिलं.

थोडं विषयांतर, पण कुणाच्या तरी कामी येईल. त्याचा फोन आमच्याकडे आहे आणि उघडत नाही. ॲपलच्या फोनवर आयओएस १५.२ पासून, म्हणजे डिसेंबर २०२१ पासून, आपल्यामागे खातं कुणाला उघडता यावं ते नेमून ठेवता येतं. त्या माणसाला एक 'की', म्हणजे गुप्त कोड मिळतो, आणि नंतर त्या कोडसोबत मृत्यूचा दाखला द्यावा लागतो. गूगलवर खातं वापरात राहिलं नाही तर पुढे काय करायचं हे ठरवून ठेवायची सोय २०१३ पासून आहे. तिथे दहा जणांपर्यंत नावं देता येतात आणि ३ ते १८ महिन्यांची मुदत आपण निवडायची. काही ठरवलेलं नसेल तर घरचे गूगलकडे अर्ज करू शकतात. पासवर्ड देत नाहीत, मजकूर द्यायचा की नाही ते तपासून ठरवतात. आणि उशीर करू नका: २०२३ मध्ये आलेल्या नियमानुसार २ वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं पुसलं जाऊ शकतं. विसाव्या-पंचविसाव्या वर्षी हे कोण करून ठेवतं! मी माझं केलं, नाव द्यायला गेले तर बोटं सवयीने त्याचंच टाइप करायला लागली.

आता कापलेला तारा. पुस्तक हातात पडलं त्याच्या पुढच्या महिन्यात यांचा ईमेल आला: "तुमच्या लाडक्या व्यक्तीचा वाढदिवस जवळ येतोय, या वर्षी काय खास?" तारीख त्यांनी पुस्तकातल्याच ओळीवरून उचललेली दिसते. मदत केंद्रात एक माणूस इतकं सांभाळून बोलतो आणि त्याच घरातलं यंत्र असं. मी कळवलं, माफी आली, ईमेल बंद झाले. पण ऑर्डर देताना 'हे स्मरणार्थ आहे' एवढी एक चौकट ठेवायला काय लागतं? फुगेवाल्या बावीस मांडण्या आहेत, साधी पांढरी एक, तीही यादीत सगळ्यात खाली.

पुस्तक आलं त्या दिवशी आईने ते दोनदा पाहिलं, दुसऱ्या वेळी नुसता हात फिरवत. मॅट कागद घेतला ते बरं झालं, बोटांचे ठसे उमटत नाहीत. बाबांनी हात लावला नाही. आठवडाभर ते कपाटावर होतं. मग एका सकाळी पान १४ उघडं दिसलं, शेजारी पेन्सिल. फोटोखाली मी लिहिलं होतं, "पहिली सायकल, वय ९". त्यातला ९ खोडून बाबांनी ८ केला होता.

मित्रांसाठी दुसरी प्रत मागवली तेव्हा फाइलमध्ये ८ केलं. घरच्या प्रतीत छापलेला ९ आहे, वर बाबांची पेन्सिल.