महाराष्ट्र दिन: पोरांना व्हिडिओ लावून द्यायचा की नकाशा रंगवायला द्यायचा?

आमच्याकडे दोन्ही करून झालंय. व्हिडिओ सोपा, आपला स्वयंपाक होईपर्यंत पोरं गप्प बसतात आणि १ मे १९६०, पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण एवढं पाठही होतं, पण "का" विचारलं की दोघंही ब्लँक.

नकाशाला अख्खी दुपार जाते (आणि फरशीवर स्केचपेनचे डाग, ते वेगळेच). पण १९५६ चं द्विभाषिक मुंबई राज्य रंगवताना कच्छ, सौराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ सगळं एकाच रंगात आलं ना, तेव्हा धाकटी म्हणाली की अगं आई, हे तर गुजरात पण आहे! मग राज्य वेगळं का झालं, गुजरातचाही वाढदिवस त्याच दिवशी कसा, मुंबईसाठी लोक का रस्त्यावर उतरले, नोव्हेंबर १९५५ मध्ये फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, हे ओघात सांगता आलं, आणि हुतात्मा चौकातल्या पुतळ्यात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार का आहेत तेही. नंतर "बेळगाव का नाही मिळालं?" आलं, तिथे मात्र आजोबांना फोन लावला.

पाच वर्षांच्या आतलं पोर असेल तर व्हिडिओच बरा. त्याच्या पुढे मी तरी नकाशाच देईन.