डच गल्लीत रात्री गाडी लावायची: उंच व्हॅन, बुटकी व्हॅन की पिकअप?

नेदरलँड्समध्ये गाडी रात्री घरासमोरच लावायची असेल, तर इंजिन आणि किंमत बघण्याआधी दोन आकडे बघा: लांबी ६ मीटर, उंची २.४ मीटर. अनेक नगरपालिकांच्या स्थानिक नियमावलीत (एपीव्ही) यातला एक जरी आकडा ओलांडला, तरी नेमून दिलेल्या वस्तीत गाडी लावता येत नाही. बऱ्याचदा सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६ सूट असते, म्हणजे पंचाईत रात्रीची आणि शनिवार-रविवारची.

फियाट डुकाटो एल३एच२ व्हॅन (एल म्हणजे लांबीचा, एच म्हणजे उंचीचा क्रमांक) लांबीला ५.९९८ मीटर, म्हणजे दोन मिलिमीटरने पास. उंची साधारण २.५२ मीटर, तिथे नापास. मागे टो-बार किंवा सायकलींचा रॅक बसवला की लांबीचंही गणित बिघडतं. सामानाच्या बाबतीत मात्र तिला तोड नाही: १३ घनमीटर जागा, ३.७ मीटर लांब फरशी, आत माणूस ताठ उभा राहतो. रुंदी आरसे सोडून २.०५ मीटर, आरसे धरून अडीच. रस्त्याकडेची पार्किंगची पट्टी साधारण २ मीटरची असते. त्यामुळे चाकं रेषेच्या आत असली तरी रस्त्याकडचा आरसा बाहेर राहतो आणि कचऱ्याची गाडी आधी त्यालाच भेटते. गाडी लावली की आरसा मिटायचा, हे अंगवळणी पडायला हवं. हिचा कॅम्पर, म्हणजे प्रवासात राहण्या-झोपण्याची गाडी, केलात तर आणखी एक अट बघा: बऱ्याच ठिकाणी कॅम्पर, कॅरॅव्हॅन, ट्रेलर सलग तीन दिवसांपेक्षा जास्त रस्त्यावर ठेवता येत नाहीत.

डुकाटोच हवी असेल तर एल२एच१ बघा. ५.४१ मीटर लांब, २.२५ उंच, दोन्ही आकड्यांच्या आत, तरी १० घनमीटर. आत वाकून वावरावं लागतं एवढंच.

फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर टी६.१ (आता जुन्या बाजारातच) आखूड रूपात ४.९० मीटर लांब, १.९० रुंद, १.९९ उंच. ५.८ घनमीटर जागा, फरशी २.५७ मीटर, म्हणजे २.४४ मीटरचा प्लायवुडचा ताव दार लावून आत. तळघरातल्या पार्किंगच्या पाटीवर २.०० लिहिलं असेल तर कागदावर बसते; प्रत्यक्षात रिकामी गाडी मागून वर असते आणि उतार जिथे संपतो तिथे छत घासू शकतं. छतावर शिडीचा रॅक असेल तर तिकडे फिरकूच नका.

आता पिकअप. फोर्ड रेंजर डबल कॅब (आसनांच्या दोन रांगांचा) ५.३७ मीटर लांब, १.९२ रुंद, १.९ मीटरच्या आतच उंच. नियमात आरामात बसतो. पण हौदा जेमतेम दीड मीटर. तोच प्लायवुडचा ताव मागचा फळका उघडा ठेवून, बाहेर डोकावत न्यावा लागतो, आणि डच पावसात वर झाकण नसेल तर सिमेंटची गोणी गेलीच म्हणा. त्याचा खरा उपयोग एकच: ३.५ टनांचा ट्रेलर ओढणं. तो ट्रेलर रात्री कुठे ठेवणार, याचं उत्तर आधी शोधा.

अमेरिकेतून आणलेला राम १५०० क्रू कॅब पिकअप (५.९२ × २.०८ मीटर) गल्लीसाठी नकोच. तो डुकाटोपेक्षा रुंद आहे आणि सामान कितीतरी कमी घेतो. शिवाय बॉनेट उंच: समोर उभं लहान मूल चालकाला दिसत नाही. बेल्जियमच्या व्हायस संस्थेच्या अभ्यासानुसार बॉनेट ८० वरून ९० सेंटीमीटर झालं, तर धडकेत पादचारी किंवा सायकलस्वार दगावण्याचा धोका २७ टक्क्यांनी वाढतो. डच रस्त्यावर सायकली किती, हे सांगायला नको. व्यावसायिकांना मिळणारी बीपीएम करातली (गाडीच्या पहिल्या नोंदणीवरच्या डच करातली) सूटही १ जानेवारी २०२५ पासून गेली. आता नव्या व्हॅन-पिकअपवर कार्बन उत्सर्जनाप्रमाणे कर बसतो, आणि राम तिथे भरपूर मोजायला लावतो.

डच शहरांतल्या शून्य उत्सर्जन क्षेत्रात (धूर सोडणाऱ्या मालवाहू गाड्यांवर जिथे निर्बंध आहेत) ये-जा असेल तर डिझेलचा विचार सोडा: १ जानेवारी २०२५ पासून पहिली नोंदणी झालेली मालवाहू व्हॅन तिथे धूर न सोडणारी, म्हणजे बहुधा विजेचीच, लागते.

जर्मनीत राहत असाल तर मोजमाप वजनाचं. फुटपाथवर पार्किंगची निळी पाटी असली तरी ती २.८ टन एकूण मान्य वजनापर्यंतच लागू. ३.५ टनी डुकाटो बाहेर, रेंजरही बाहेर. ट्रान्सपोर्टर २.८ आणि ३.२ टन अशा दोन्ही नोंदणीत मिळते, तेव्हा सौदा करण्याआधी नोंदणीपत्रावरचा तो आकडा वाचा.