फायबर बोटीच्या कीलला चिकटपट्टी: काही महिने वापरल्यावर

माझी बोट लहान, फायबरची, मागे आउटबोर्ड इंजिन. जाळी आणि गळ दोन्ही कामांना वापरतो. धक्क्याला बांधण्यापेक्षा वाळूवर नाळ (पुढचं टोक) टेकवूनच ती जास्त थांबते. कधी गोटे असतात, कधी कालवं चिकटलेला खडक. कीलवर, म्हणजे तळाच्या मधल्या कण्यावर, पॉलिमरची खाचांची संरक्षक पट्टी चिकटवून आता बरेच महिने झाले. वाळूपुरती ती उत्तम निघाली. खडकासाठी मात्र मी तिच्या भरवशावर राहणार नाही, आणि विकत घेताना हा फरक कुणी नीट सांगत नाही. कंपनीचं नाव देत नाही, कारण या जातीच्या पट्ट्यांची बांधणी बहुतेक सारखीच असते: वर लवचिक पॉलिमर, खाली दुहेरी चिकटणारी अ‍ॅक्रिलिक फोम टेप.

पट्टी लागतेच कशाला, असं विचारणारे भेटतात. फायबर बोटीचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड असतो. रोज त्याच जागी वाळू घासली की आधी चमक जाते, मग रंग, आणि मग आतले काचेचे धागे उघडे पडतात. उघड्या धाग्यांतून पाणी आत झिरपत जातं. ते सुकवून दुरुस्त करणं हे खरं खर्चिक काम.

निवडीबद्दल. दुकानदार बोटीची लांबी विचारतो आणि तक्त्यातून पट्टीची लांबी काढून देतो. तक्ता वाईट नाही, पण त्याला तुमची बोट कुठे घासते ते माहीत नसतं. त्यापेक्षा बोट ट्रेलरवर घ्या, खाली आडवे व्हा आणि खडूने खुणा करा. पहिली खूण बोट पाण्यात उभी असताना पाणी येतं त्याच्या थोडी वर, नाळेवरच्या कडीच्या खाली. पट्टी तिथून सुरू व्हायला हवी. दुसरी खूण जिथे ओरखडे संपतात तिथे. तिसरी, जिथे कीलची धार संपून तळ सपाट होऊ लागतो तिथे. दुसरी खूण तिसरीच्या अलीकडे पडत असेल तर चिकटपट्टी तुमच्या कामाची आहे.

पट्टी पार मागेपर्यंत नेऊ नका. मागच्या टोकाशी पाणी फाटतं, बुडबुडे तयार होतात आणि ते थेट ट्रान्सड्यूसरवर (फिश फाइंडरचा पाण्यातला सेन्सर) किंवा इंजिनाच्या पंख्यावर जातात. मग वेगात फिश फाइंडर तळ दाखवेनासा होतो आणि लोक यंत्राला शिव्या देतात. माझी पट्टी बरीच अलीकडे थांबवली आहे, त्यामुळे वेगात किंवा वळताना मला काहीच फरक जाणवला नाही. बोट वर ओढताना मागचा भागही घासतो, म्हणून तिथे इपॉक्सीत काचेच्या कापडाचे दोन थर देऊन शेवटच्या थरात ग्रॅफाइटची पूड मिसळली. तो काळा पट्टा कुणाच्या डोळ्यात भरणारा नाही, पण टिकला आहे.

स्क्रूने बसवायची स्टीलची किंवा पितळेची पट्टीही विचारात घेतली होती. खडकावर तीच सरस. पण प्रत्येक स्क्रू म्हणजे कीलला एक भोक, आणि सीलंट सुटलं की पाण्याला आयती वाट. ॲल्युमिनियमच्या बोटीला खाऱ्या पाण्यात स्टीलची पट्टी लावली तर ॲल्युमिनियमच खाल्लं जातं, तो नाद सोडलेला बरा. यूएचएमडब्ल्यू प्लास्टिकची (पॉलिथिलीनची एक जात) पट्टी घासण्याला भलतीच चिवट असते, पण तिला गोंद धरत नाही, म्हणजे पुन्हा स्क्रू आलेच.

आता चिकटवण्याचं काम. माझ्या मते पट्टी टिकणार की नाही, हे इथेच ठरतं. जुने ओरखडे आधी इपॉक्सी पुट्टीने भरले. त्याआधी उघडी पडलेली काच पूर्ण सुकू दिली. ओल आत कोंडून वरून पट्टी लावण्यात काही अर्थ नाही. इपॉक्सी वाळताना तिच्यावर बरेचदा एक मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने धुवायचा आणि मगच पॉलिश पेपर मारायचा, नाहीतर तो थर पेपरने सगळीकडे पसरतो. नव्या बोटीवर साच्याचं मेण असतं, तेही काढावं लागतं. मग अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन कापड मळणं थांबेपर्यंत पुसत राहायचं. मी वापरलेली कापडं शेजारी मांडून ठेवली होती. सुरुवातीची करडी, मधली पिवळसर आणि शेवटची पांढरी. पांढरं कापड दिसेपर्यंत टेपचा कागद सोलला नाही.

या टेपला २१ ते ३८ अंश सेल्सियस तापमान मानवतं. १० अंशांच्या खाली ती नीट पकडतच नाही. चिकटवल्यावर २० मिनिटांत साधारण निम्मी पकड येते, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण. म्हणजे तीन दिवस बोट पाण्यात नाही. संध्याकाळी पट्टी लावून सकाळी मासेमारीला निघणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याच पट्ट्या सुटल्याच्या तक्रारीही ऐकल्या आहेत. लावताना एक जण पट्टी धरायला आणि दुसरा रोलर दाबायला हवाच. नाळेच्या वळणावर पट्टी ताणायची नाही, दाबत न्यायची. ताणली की ती आपल्या मूळ लांबीवर यायला बघते आणि टोकाकडून उचलते. दोन्ही टोकांना पॉलियुरेथेन सीलंटचा उतार दिला. सिलिकॉन लावू नका. त्याचा अंश एकदा पृष्ठभागावर राहिला की पुढे तिथे काही चिकटत नाही.

महिन्यांनंतरची स्थिती अशी. पुढचं टोक आजही नखाने उचलत नाही. नाळ जिथे वाळूला टेकते, तिथल्या खाचांच्या कडा गोल झाल्या आहेत आणि काळा रंग राखाडी पडला आहे. चपलेचा तळ झिजतो तशी ही झीज, ती व्हायलाच हवी. मागच्या टोकाचं सीलंट मात्र एका बाजूने सुटलं होतं आणि खाली वाळूची बारीक रेघ शिरली होती. बोट किनाऱ्यावरून मागे ढकलताना भार याच टोकावर येतो, पण माहितीपत्रकात सगळा भर पुढच्या टोकावर असतो. खरवडून, पुसून पुन्हा सीलंट भरलं. आता उतार जास्त लांब दिला आहे.

एकदा खडकावर जोरात आपटली. पट्टीवर फक्त एक खोच दिसली, पण तिच्या कडेला जेलकोटमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटल्या होत्या. पट्टीखाली काय झालं ते डोळ्यांना दिसत नाही, हा तिचा मोठा तोटा. नाण्याने ठोकून आवाज ऐकला. सगळीकडे टणक आला म्हणून तसंच ठेवलं. बद्द आवाज आला असता तर पट्टी काढावीच लागली असती, आणि चांगली चिकटलेली पट्टी काढणं म्हणजे तारेने कापत अर्धा दिवस.

बाकी किरकोळ. ट्रेलरच्या रोलरवर चढवताना विंचला थोडा जास्त जोर लागतो. काही दिवस सलग पाण्यात राहिली तर खाचांत शेवाळ आणि बारीक शंख बसतात. लोखंडी पात्याने काढू नका, पट्टी चिरते. प्लास्टिकचं पातं पुरतं.

बोट कायम पाण्यातच असते आणि तळाला शेवाळरोधक रंग आहे, अशांनी आधी विचार करावा. पट्टी रंगावर चिकटवली तर ती रंगाला धरते, आणि रंग निघाला की सोबत तीही निघते. रंग जेलकोटपर्यंत काढायची तयारी नसेल तर हे काम हातात घेऊ नका. साच्यात फिरवून केलेल्या पॉलिथिलीनच्या बोटींवर ही टेप धरतच नाही. ज्यांना रोज खडकावरच उतरायचं आहे, त्यांनी पट्टीचे पैसे कीलवर काचेचे जादा थर चढवण्यात घालावेत. मी स्वतः ही झिजली की पुन्हा हीच लावेन, फक्त थोडी रुंद घेईन. वाळूवर बोट कलली की सध्याच्या पट्टीच्या अगदी बाहेरून जेलकोट घासायला लागला आहे.