बर्फावरच्या माश्या ओळखायला फोनचं भिंग: घ्यावं का?

फोनच्या कॅमेऱ्याला चिमट्याने अडकवायचं भिंग घेणार असाल तर दहा पटीचं घ्या, पंचवीस पटीचं घेऊ नका. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल. पुढचं लिहिलंय ते वीस-पंचवीस डॉलर खर्च करण्याआधीही सगळं खोदून विचारणाऱ्यांसाठी. मी त्यांच्यातलीच.

कंपनीचं नाव देत नाही. हेच भिंग चार वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत मिळतं, फक्त पाऊच बदलतो. बघायचं ते एवढंच: काच खरी हवी, प्लॅस्टिक नको, आणि चिमट्याच्या रबराची गादी जाड हवी. खोक्यावर ‘शंभर पट’ असं काही छापलेलं असेल तर तिकडे लक्षच देऊ नका.

वापर कुठे केला ते सांगते, कारण भारतात फुलपाखरांवर वापरणाऱ्यांचा अनुभव वेगळा असणार. आम्ही मिनेसोटाच्या आग्नेय कोपऱ्यात राहतो. इथले ट्राउट माशांचे ओढे झऱ्यांच्या पाण्यावर वाहतात. जमिनीतून येणारं ते पाणी भर हिवाळ्यातही इतकं थंड होत नाही की गोठावं, म्हणून बाहेर उणे पंधरा सेल्सिअस असलं तरी ओढा वाहता राहतो आणि जानेवारीतसुद्धा त्यातून चिलटं बाहेर पडून काठच्या बर्फावर चालत असतात. नवरा मालवणचा, गळ घेऊन तासन्‌तास तिथे उभा. हिवाळ्यात धरलेला मासा पाण्यात परत सोडावा लागतो असा इथला नियम आहे, आणि हे आम्ही सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. तो मासे सोडतो तोवर मी खाली बघत फिरते.

पंचवीस पटीचं का नको, ते आधी. भिंगाची ताकद वाढली की किड्याच्या जवळ जावं लागतं. साधा हिशोब असा की २५० मिलिमीटरला पटीने भागायचं. दहा पटीच्या भिंगाला किड्यापासून साधारण अडीच सेंटिमीटर अंतर मिळतं, पंचवीस पटीच्याला एकच. एका सेंटिमीटरवर फोनची स्वतःचीच सावली किड्यावर पडते, श्वासाची वाफ काचेवर बसते आणि जाड हातमोज्यातला हात जरा हलला की सगळं धूसर. दहा पटीने चित्र लहान येतं खरं, पण फोटो नंतर कापून मोठा करता येतो. हललेल्या फोटोचं मात्र काहीच करता येत नाही.

आता मुद्द्याचं: यातून ओळख पटते का? कुळापर्यंत, हो. पुढे बहुतेक वेळा नाही.

बर्फावर सगळ्यात जास्त दिसतात ती न चावणारी चिलटं, कायरोनोमिडी कुळातली. आमच्याकडचं नामांकित नाव डायमेसा मेंडोटी. नराच्या मिशा बहुधा पिसासारख्या झुबकेदार असतात आणि त्या या भिंगात स्पष्ट दिसतात. पंखांवर डासासारखे खवले नाहीत, हेही कळतं. पण डायमेसाची नेमकी जात ठरवायची तर नराच्या शेपटाकडचे अवयव काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघावे लागतात. मिनेसोटा विद्यापीठातले लेनर्ड फेरिंग्टन आणि त्यांचे सहकारी याच हिवाळी चिलटांवर काम करत आले आहेत. त्यांचा भर पाण्यावर तरंगणाऱ्या कोशांच्या रिकाम्या सालींवर असतो. तिथे फोनचं काही चालत नाही. डायमेसा मेंडोटीचं प्रौढ चिलट शरीर गोठू न देता उणे वीसच्या आसपासपर्यंत तग धरतं, म्हणजे माझ्या फोनच्या बॅटरीपेक्षा बरंच जास्त.

दुसरी लांबटांगी, पंख असलेली, दुपारच्या उन्हात थव्याने वरखाली नाचणारी ट्रायकोसेरा. मोठ्या डासासारखी दिसते आणि नेहमीच्या क्रेनफ्लायशी (तशाच लांब पायांची, मोठ्या डासासारखी माशी) हमखास गल्लत होते. फरक डोक्यावर आहे: ट्रायकोसेराला दोन मोठ्या डोळ्यांच्या मधे तीन बारीक साधे डोळे असतात, क्रेनफ्लायला नसतात. ते दिसायला फोटो बरोबर वरून, डोक्यावर फोकस धरून हवा. मला हे त्रिकूट दिसलं तेव्हा भिंगाचे पैसे वसूल झाले असं वाटलं. मात्र माशी बसलेली असली तरच. नाचताना काढलेले फोटो म्हणजे करड्या रेघोट्या.

आणि मग कायोनिया, म्हणजे खरी बर्फमाशी. पंख नाहीत, लांब पाय, पिवळट तपकिरी रंग, बर्फावर संथ चालणं. दहापैकी नऊ जण तिला कोळी म्हणतील. १८१६ साली स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ डालमन यांनी स्वीडनमधल्या माशीवरून हा प्रकार शास्त्रात नोंदवला, तेव्हा जातीचं नावच ‘कोळ्यासारखी’ या अर्थाचं ठेवलं: अरेनिऑइडस. भिंगाची खरी कसोटी इथे लागते. फोन बर्फाच्या पातळीला खाली न्या आणि बाजूने फोटो घ्या. छातीच्या कडेला, मागच्या पंखांच्या जागी, टाचणीच्या डोक्यासारखी छोटी गोळी दांड्यावर उभी दिसते. हाच हॉल्टियर, माशीचं उडताना तोल सांभाळायचं अंग. उडणं गेलं, पंखांच्या जागी नुसते खुंट राहिले, पण हे शिल्लक आहे. कोळ्याला ते नसतं, मिशाही नसतात. माझ्या मते हा एक फोटो पन्नास वरून काढलेल्या फोटोंपेक्षा मोलाचा.

पाय मोजून निकाल लावू नका. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की या माश्या शरीराचं तापमान सरासरी उणे सातपर्यंत उतरलं तरी चालत राहतात, आणि पायात बर्फ धरायला लागला की तो अंगात पसरायच्या आत स्वतःच पाय तोडून टाकतात. म्हणून पाच किंवा चार पायांची कायोनियाही बर्फावर मजेत फिरताना भेटते. भिंगात तुटलेला खुंटही दिसतो, तेव्हा सगळे पाय मोजण्याऐवजी सगळे सांधे बघा.

माश्या नसलेलेही बरेच जण तिथे असतात. उड्या मारणारे काळे ठिपके म्हणजे हिमपिसवा म्हणतात ते स्प्रिंगटेल, पिसवा नव्हेतच. पाठीवर चपटे पंख आणि मागे दोन शेपट्या म्हणजे स्टोनफ्लाय, ओढ्यातच वाढणारा किडा. तोंडाला खाली वाकलेली चोच म्हणजे बोरियस, बर्फावर फिरणारा एक न उडणारा किडा. या तिघांसाठी हे भिंग पुरून उरतं.

वापराच्या बारीक गोष्टी. अनेक नव्या फोनांत जवळ गेलं की कॅमेरा आपोआप दुसऱ्या भिंगावर उडी मारतो आणि तुम्ही ज्यावर चिमटा लावलाय ते बाजूलाच राहतं. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. बर्फ पांढरा असल्यामुळे फोन चित्र काळवंडवतो, तेव्हा प्रकाश एक घर वाढवा. ढगाळ दिवस उत्तम: बर्फ खालून उजेड परत टाकतो आणि पोटाकडची बाजूही उजळते. स्थिर फोटो जमेना तर व्हिडिओ घ्या, त्यातली एखादी चौकट नक्की कामाची निघते. माशी तळहातावर घेऊ नका, आपली ऊब त्यांना झेपत नाही. घरात शिरण्याआधी भिंग घट्ट पिशवीत बंद करा, नाहीतर काचेवर पाणी धरतं.

दोष म्हणाल तर चिमटा. उणे दहाच्या खाली रबर कडक होतं आणि भिंग जरासं घसरतं. मी रबराच्या खाली सायकल ट्यूबचा तुकडा चिकटवलाय. लोखंडी कडी उघड्या बोटांना चटका देते, म्हणून बारीक हातमोजे आत घालून वर जाड.

गळाला लावायच्या नकली माश्या बांधणाऱ्यांनीही हे घ्यायला हरकत नाही. बारीक चिलटाच्या हुकावर गाठ नीट बसली का, ते चष्म्यापेक्षा यात चांगलं दिसतं, त्यामुळे गेल्या महिन्यापासून आमच्या घरात एका भिंगावर दोन दावेदार आहेत आणि दुसरं मागवलंय.