ओनडेव्हयुनिट लायब्ररी: अमिगाच्या एकुलत्या एका सिरियल पोर्टसाठी

अमिगा या कमोडोर कंपनीच्या जुन्या कॉम्प्युटरवर मल्टिटास्किंग (एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालवणं) पहिल्या मशीनपासून म्हणजे 1985 पासून आहे, पण मागे मोडेम वगैरे जोडायचा सिरियल पोर्ट मात्र एकच. मी बॅकग्राउंडला गेटी (आलेले कॉल उचलणारा प्रोग्राम) चालू ठेवतो, ते मोडेमवर, म्हणजे फोन लाइनवरून कॉम्प्युटर जोडणाऱ्या यंत्रावर, येणाऱ्या कॉलची वाट बघत बसतं, आणि मधेच मला टर्मिनल उघडून स्वतः डायल करायचं असतं तर पोर्ट अडकलेला. मग गेटी बंद करा, काम उरका, परत चालू करा, आणि एकदा ते परत चालू करायचं राहिलं तर रात्रभर आलेला एकही कॉल उचलला गेला नाही, फार वाईट वाटलं.

आधी मी शेअर्ड फ्लॅग वापरून पाहिला. सिरियल डॉट डिव्हाइस, म्हणजे हा पोर्ट चालवणारा सिस्टिमचा ड्रायव्हर, एरवी एकालाच पोर्ट देतं, पण उघडतानाच शेअर्ड सांगितलं तर दुसऱ्यालाही आत घेतं. अडचण पुढे येते. दोघांनी वाचायची रिक्वेस्ट टाकली की आलेले बाईट ज्याची रिक्वेस्ट रांगेत पुढे त्याला जातात, म्हणजे मोडेमच्या "कनेक्ट"चा अर्धा तुकडा इकडे अर्धा तिकडे, आणि एकाने बॉड रेट (डेटा जाण्यायेण्याचा वेग) बदलला की दुसऱ्याचाही बदलला. एकाच वेळी दोघांनी पोर्ट धरून काही होत नाही हो, हवं असतं ते एकाने वेळेवर सोडणं!

ते काम ओनडेव्हयुनिट लायब्ररी करते. फाईल लिब्ज या सिस्टिमच्या लायब्ररींच्या फोल्डरमध्ये टाकायची, बास. प्रोग्राम डिव्हाइस उघडण्याआधी डिव्हाइसचं नाव, युनिट नंबर आणि स्वतःचं नाव देऊन लॉक (पोर्ट सध्या माझा, अशी नोंद) मागतो. मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर पोर्ट कोणाकडे आहे ते नावासकट कळतं. मला सगळ्यात आवडलं ते हे की लॉक घेताना सिग्नल बिट (प्रोग्रामला इशारा द्यायची खूण) देता येतो, मग दुसरं कोणी लॉकसाठी थांबलं की आधीच्याला सिग्नल जातो. रिकामं बसलेलं गेटी तो सिग्नल मिळाला की डिव्हाइस बंद करतं, लॉक सोडतं आणि लगेच परत रांगेत उभं राहतं, टर्मिनल बंद केलं की पोर्ट आपोआप त्याच्याकडे. मला कशालाच हात लावावा लागत नाही, मधे कॉल चालू असेल तर गेटी सोडत नाही आणि तेच बरोबर आहे.

कमतरता एकच पण मोठी, सगळा मामला विश्वासाचा आहे. जो प्रोग्राम लॉक न विचारता थेट डिव्हाइस उघडायला जातो त्याला लायब्ररी अडवत नाही. मिडीवाले (संगीताची वाद्यं जोडणारे) काही प्रोग्राम तर 31250 बॉडसाठी डिव्हाइसला बाजूला ठेवून सिस्टिमच्या मिस्क डॉट रिसोर्समधून थेट हार्डवेअरच मागतात, तिथे हिचा उपयोग शून्य. आणि बाईट गळत असतील तर त्याचाही दोष हिच्यावर टाकू नका, सिरियल पोर्ट सांभाळणाऱ्या पॉला चिपमध्ये आलेला एकच बाईट धरून ठेवायची सोय आहे, त्यामुळे हायरेझ 16 रंगांची स्क्रीन आणि वर जास्त बॉड रेट असला की इंटरप्ट (बाईट आला, उचला असा प्रोसेसरला इशारा) वेळेवर पोचत नाही.

टर्म नावाच्या टर्मिनल प्रोग्राममध्ये हिचा सपोर्ट आहे. तुमचं गेटी जुनं असेल तर आधी ते चालू ठेवून टर्म उघडून बघा, टर्मने गेटीचं नाव दाखवलं तर निदान दोघं एकमेकांना ओळखतात, नुसतंच पोर्ट उघडला नाही म्हणालं तर गेटीची नवी व्हर्जन शोधा.